एल्व्हिनच्या नावाचे स्ट्रीमर

एल्व्हिन पिंकम किती कमी बोलायचा, याच्या गोष्टी आमच्या तलावकाठच्या डॅगेट कोव्ह गावात चवीने सांगितल्या जात. लग्नाच्या वेळी पाद्रीबाबांनी ‘कबूल आहे का’ विचारलं तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि बाबांना पुन्हा विचारावं लागलं, असं त्याचा मेव्हणा सांगायचा. खरंखोटं मेव्हण्याला माहीत. पण वसंतात तलावावरचं बर्फ फुटलं की तिथपासून सप्टेंबर सरेपर्यंत रोज संध्याकाळी हा घुम्या माणूस घरी यायचा, ओले बूट काढून चुलीजवळ वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि बोलायला लागायचा. विषय एकच असायचा. आज स्ट्रीमर पाण्यात कसा चालला.

आमच्या तलावात बोटाएवढे चंदेरी स्मेल्ट मासे असतात आणि मोठा ट्राउट त्यांच्यावर पोसतो. स्ट्रीमर म्हणजे त्या स्मेल्टचं सोंग. लांब दांड्याच्या गळावर जरीची तार गुंडाळायची, खाली हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, वर कोंबड्याच्या मानेची लांब पिसं, डोळ्याच्या जागी हिंदुस्थानातून येणाऱ्या रानकोंबड्याचं ठिपक्याचं पीस, आणि डोक्याशी रेशमी दोरा आवळून वर वॉर्निश. हातात घेतला तर नुसती शोभेची वस्तू. भिजून पिसं अंगाला चिकटली की मग त्याचा मासा होतो. निदान व्हायला हवा. झाला की नाही, ते बोटीत बसलेल्यालाच कळतं.

एल्व्हिन गाईड होता. शहरातून येणाऱ्या शौकिनांना बोटीत घालून तो दिवसभर वल्हवायचा आणि संध्याकाळी त्याची बायको ओर्फा बटाटे सोलत त्याचं ऐकायची. निळा आज जरा जड होता, नाक खाली घालून चालला. करडा वळणावर कुशीवर झाला आणि तेवढ्यात माशाने धरला. सांगताना तो डावा हात टेबलावरून हळू सरकवायचा आणि तळवा कलता करून दाखवायचा. ओर्फा विचारायची, ओढताना की ओढ सैल केल्यावर? तो विचार करून म्हणायचा, सैल केल्यावर. मग दुसऱ्या दिवशी ती शेपटीचे चार केस कमी बांधायची.

होय, बांधायची ओर्फाच. गावाला माहीत नव्हतं ते एवढंच.

लग्नानंतर पहिली काही वर्षं एल्व्हिन स्वतः बांधत असे आणि चांगले बांधत असे. मग एका जानेवारीत तलावावर बर्फाच्या लाद्या कापायच्या कामावर असताना त्याचा उजवा हात लादी आणि घसरगाडी यांच्यामध्ये सापडला. हात वाचला, वल्हं धरण्यापुरता बरा झाला, पण दोन बोटांची जाण कायमची गेली. रेशमी दोरा त्या बोटांत राहीना. आणि शौकीन लोक तर एल्व्हिनला बोलावायचे ते त्याच्या स्ट्रीमरसाठी. गाईड काय, गावात डझनावारी होते.

त्या हिवाळ्यात त्याने ओर्फाला शिकवलं. टेबलाला लावायच्या शेगड्याच्या चिमट्यात धरून नाही, नुसत्या बोटांत गळ धरून, कारण तो तसाच बांधायचा. डोक्याच्या काळ्या दोऱ्यात पिवळ्या दोऱ्याचे दोन वेढे ही त्याची खूण होती, तीही शिकवली. या एका मोसमापुरतं, म्हणाला, आणि कुणाला सांगू नकोस. ओर्फा म्हणाली, मी कुणाला सांगणार आहे? पुढच्या मोसमाला त्याने काही म्हटलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दारावर थाप पडली की ती सगळा पसारा एल्व्हिनसमोर सरकवून चुलीकडे जायची आणि एल्व्हिन डाव्या हातात एखादं पीस धरून बसायचा. अशी वर्षं गेली. महायुद्ध आलं नि गेलं. मूलबाळ झालं नाही. एल्व्हिन पिंकमच्या स्ट्रीमरची कीर्ती मात्र बोस्टनपर्यंत पोचली.

मला विचाराल तर एल्व्हिनने हे बरं केलं नाही. माणूस सज्जन होता, कष्टाळू होता, पण एकदा तरी, निदान आपल्या मेव्हण्यापाशी तरी, तोंड उघडायला त्याला काय झालं होतं? ओर्फाला मात्र त्याचा राग नव्हता. तिच्या वाट्याला संध्याकाळ येत होती. दुसऱ्या बायकांचे नवरे तासन्‌तास बडबडायचे आणि त्यात बायकोने केलेल्या कुठल्या गोष्टीचा शब्द नसायचा. हिचा नवरा दिवसाकाठी पाव तास बोलायचा आणि तो सगळा वेळ तिच्या हातच्या कामाबद्दल बोलायचा. तिला ते पुरत होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी लाकडं रचताना एल्व्हिन खाली बसला तो उठलाच नाही. शवपेटीला खांदा गाईड मंडळींनी दिला. पाद्रीबाबांनी त्याच्या हातांबद्दल फार सुंदर शब्द काढले. ओर्फा खाली मान घालून ऐकत होती.

मार्चमध्ये मर्टन लिबी आला. मर्टनचं दुकान गावात एकच. काडतुसांपासून रॉकेलपर्यंत आणि गांडुळांपासून पाद्रीबाबांच्या कॉलरपर्यंत काय म्हणाल ते त्याच्याकडे मिळायचं. टोपी हातात घेऊन, आवाज खाली आणून त्याने विचारलं, एल्व्हिनच्या पेटीत काही स्ट्रीमर उरलेत का. ओर्फा म्हणाली, आहेत थोडे. ते खोटं नव्हतं, थोडे होतेच. ते संपले तेव्हा मर्टन पुन्हा आला आणि ओर्फाने पुन्हा दिले. हे दुसरे तिने हिवाळ्यात बांधलेले होते. दुसरं काय करणार होती ती? हात सवयीने त्या टेबलाकडे जायचे. आणि मनात एक साधी आशा होती. मोसम सुरू झाला की कुणीतरी येईल, निदान दुकानात भेटेल, आणि सांगेल की अमका चांगला चालला, तमका नाही.

बर्फ फुटलं. मे गेला, जून गेला. कुणी काही बोललं नाही. रस्त्यात भेटणारी माणसं ‘कशी आहेस’ विचारायची, ‘एल्व्हिनसारखा माणूस होणे नाही’ म्हणायची आणि पुढे जायची. संध्याकाळी ओर्फा बटाटे सोलायला बसे. एकटीला लागतो तो एक बटाटा. तो सोलून व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यानंतरची सगळी संध्याकाळ तिच्या अंगावर येई. आपण एकटे पडलो हे तिला दफनाच्या दिवशी कळलं नव्हतं, ते त्या उन्हाळ्यात कळलं.

स्वतः जाऊन मासे का धरले नाहीत, असं कुणी म्हणेल. तेही तिने करून पाहिलं. एल्व्हिनची काठी घेऊन ती ओढ्यावरच्या पुलाखाली गेली. तिथलं पाणी नितळ आहे, सगळं दिसतं. करडा स्ट्रीमर सुरेख चालला. सैल सोडल्यावर कुशीवर झाला, खालून एक सावली उठली आणि दोरी ताणली. हातभर लांबीचा ट्राउट. ओर्फाने तो घरी आणला, टेबलावर ठेवला आणि समोर बसली. कसा चालला, कुठे वळला, सगळं तिच्या जिभेवर होतं. ऐकायला चूल होती. मासा तिने साफ केला, तळला आणि अर्धाअधिक शेजारच्या मांजराला घातला. पुन्हा ती पुलाखाली गेली नाही.

कुणी का बोलत नाही, याचा उलगडा तिला ऑगस्टमध्ये झाला. तलावकाठच्या लॉजमध्ये चर्चच्या बायकांनी जेवण ठेवलं होतं आणि ओर्फा घेवड्याचं मडकं घेऊन गेली होती. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर काचेची चौकट होती. आत मखमलीवर सहा स्ट्रीमर ओळीने टाचलेले, खाली पितळी पट्टीवर एल्व्हिनचं नाव. एक शौकीन आपल्या बायकोला समजावून सांगत होता की आपल्याकडेही घरी दोन आहेत, अभ्यासिकेत लावलेत, आता असे हात राहिले नाहीत. बायकोने विचारलं, याने मासा लागतो का? तो हसला. म्हणाला, अगं, हे कुणी पाण्यात घालतं का?

ओर्फा मडकं हातात धरून तशीच उभी राहिली. तिने दिलेला प्रत्येक स्ट्रीमर कुठल्या ना कुठल्या भिंतीवर गेला होता. एकही भिजला नव्हता. मग कुणी तिला काय सांगणार होतं?

त्या हिवाळ्यात तिने जे केलं, ते आमच्याकडच्याच माणसाला सुचावं. कोंबड्याच्या मानेच्या उजव्या बाजूची पिसं एका अंगाला झुकतात, डाव्या बाजूची दुसऱ्या. स्ट्रीमरच्या दोन्ही अंगांना त्या त्या बाजूचं पीस बसवलं की ती एकमेकांना सावरतात आणि तो सरळ पोहतो. दोन्हीकडे एकाच बाजूची लावली तर तो पाण्यात भोवऱ्यासारखा गरगरतो आणि दोरीला असा पीळ घालतो की ती कापून टाकावी लागते. डॅगेट कोव्हमध्ये हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. ओर्फाने मूठभर स्ट्रीमर मुद्दाम तसे बांधले. बाहेरची पिसं बरोबर, आतली सगळी उजवीकडची. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पाण्यात घातला की लगेच कळलं असतं.

बांधताना तिला लाज वाटली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून वाकडं काम गेलं नव्हतं. पण तिने मनाशी हिशेब केला होता. चांगल्या कामाबद्दल लोक बोलले नाहीत तरी वाईट कामाबद्दल बोलल्याशिवाय राहायचे नाहीत. शंभर भिंतीवर जाऊ देत, एकजण तरी पाण्यात घालेल, आणि तो तणतणत येईल. येऊ दे. तिला कुणीतरी यायला हवं होतं.

मर्टनने ते स्ट्रीमर उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, जाताजाता काय हात चालला होता गड्याचा.

पुन्हा वसंत आला आणि गेला. लॉजवाल्यांनी दुसरी चौकट केली. ओर्फाने ती जवळ जाऊन पाहिली, सहातले दोन गरगरणारे होते. त्यांच्यासमोर उभं राहून माणसं माना डोलवत होती. तिला हसू आलं. अग्निशमन दलाच्या पंपासाठी गावच्या हॉलमध्ये सोडत झाली, तिथेही मर्टनने एक बक्षीस म्हणून दिला. तो लागला रेमी कुतूरला.

रेमी लाकडाच्या गिरणीत लेथवर कामाला होता. कॅनडातून बापाबरोबर लहानपणी आलेला, पलीकडच्या काठावर फ्रेंच वस्तीत राहणारा. त्याच्याकडे ना अभ्यासिका होती ना मखमल. बायको म्हणाली होती, विकून टाक. रेमी म्हणाला, मासे धरायची वस्तू आहे, मासे धरीन.

सप्टेंबरात, ट्राउट बंधाऱ्याकडे वर चढतात त्या दिवसांत, ओर्फाने खिडकीतून पाहिलं की एक माणूस तिच्या फाटकावरून पुढे गेला, परत आला, पुन्हा पुढे गेला. मग एकदाचा आत आला. हातात टोपी आणि टोपीत काहीतरी.

“पिंकमबाई,” तो पायरीखालूनच म्हणाला, “गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, मला कळतं. बायकोने बजावलंय जाऊ नको म्हणून. पण तीन दिवस हे मनातून जात नाहीये.”

“आत ये,” ओर्फा म्हणाली. तिने हात एप्रनला पुसले.

तिने त्याला एल्व्हिनच्या खुर्चीत बसवलं, कॉफी ओतली, पुढ्यात काकवीची बिस्किटं ठेवली, आणि म्हणाली, आता पहिल्यापासून सांग. रेमीला वाटलं होतं बाई रडेल नाहीतर हाकलून देईल. ती समोर स्टूल ओढून बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याने सांगितलं. बंधाऱ्याखाली दुसऱ्या खडकापाशी टाकला. आधी वाटलं पाण्याचा भोवरा आहे. जागा बदलली तरी तेच. गरगर, गरगर. दोरी अशी पिळली की मुलीच्या वेण्या बऱ्या. आणि तेवढ्यात एक धूड वर आलं, या एवढं, बघितलं आणि वळून गेलं.

“वळून गेलं? किती जवळून?”

“अगदी जवळून. नाक लावलंन म्हणा ना.”

“कुठल्या अंगाने गरगरत होता?”

रेमीने हाताने दाखवलं. ओर्फाने पुन्हा दाखवायला लावलं. जलद की सावकाश, ओढताना की प्रवाहात सोडल्यावरही, सगळं विचारलं. गालांवर रंग चढला होता. दोन वर्षांत या स्वयंपाकघरात कुणी एवढं बोललं नव्हतं. रेमीही विसरला की आपण तक्रार घेऊन आलोय. दोनदा कॉफी झाली.

उठताना मात्र तो ओशाळला. टोपी फिरवत म्हणाला, “राग नका मानू. मी कुणाला बोलणार नाही. शेवटी शेवटी हात गेला असेल त्यांचा. म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं. डोळ्यांना दिसत नसेल उजवं-डावं.”

हे मात्र ओर्फाने हिशेबात धरलंच नव्हतं. कुणीतरी येईल एवढंच तिने पाहिलं होतं, आल्यावर दोष कुणाच्या माथी जाईल हे पाहिलंच नव्हतं. एल्व्हिन कबरीत, आणि हा भला माणूस त्याची कीव करतोय, त्याचे डोळे गेले म्हणतोय. त्या डोळ्यांना बोटीतून पंधरा हातांवरून एक केस जास्त झालेला दिसायचा.

“एल्व्हिनने नाही बांधला तो,” ती म्हणाली. “मी बांधलाय.”

रेमी बघतच राहिला. “तुम्ही?”

“मी.”

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं. हा मीच बांधलाय आणि भिंतीवरचे सगळेही मीच बांधलेत, त्याचा हात बर्फात सापडल्यापासूनचे सगळे. पण ते बोलायचं म्हणजे एल्व्हिनला चारचौघांत खोटा पाडायचं. ‘कुणाला सांगू नकोस’ एवढी एकच गोष्ट त्याने जन्मात तिच्याकडे मागितली होती. ओर्फाने ओठ मिटले. रेमीने खाली बघत कॉफीबद्दल आभार मानले आणि तो गेला.

रेमीने बायकोला सांगितलं. बायकोला सांगितलं म्हणजे दोन्ही काठांना सांगितलं. रविवारच्या आत मर्टन ओर्फाच्या दारात उभा होता, आणि या वेळी टोपी डोक्यावरच होती.

“मी लोकांना छातीवर हात ठेवून सांगितलं, ओर्फा, की हे एल्व्हिनचे म्हणून. बोस्टनच्या माणसांना सांगितलं.”

“तू विचारलंस, पेटीत आहेत का. मी म्हटलं, आहेत.”

“शब्दांत पकडू नको. त्याची खूण वापरलीस. पिवळे वेढे घातलेस. अगं, इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसलीस आणि पिसाची बाजू कळत नाही तुला? निदान नक्कल तरी धड करायचीस.”

टेबलावर गळ होते, पिसं होती, दोरा होता. ओर्फाचा हात दोऱ्याकडे गेला. दहा मिनिटांचं काम होतं. याच्या डोळ्यांदेखत एक बांधून त्याच्या तळहातावर ठेवला असता तर मर्टन लिबीची वाचा बसली असती. आणि तो दुकानात पोचेपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं की एल्व्हिन पिंकम आयुष्यभर बायकोच्या कामावर मिरवला. तिने दोरा उचलला आणि रिळावर नीट गुंडाळून डब्यात ठेवला.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

मर्टन उंबऱ्यात घुटमळला आणि गेला.

नंतरचा हिवाळा फार वाईट गेला. आमच्या गावात कुणाला वाळीत टाकत नाहीत, तेवढे आम्ही सभ्य आहोत. आम्ही फक्त बाकावर जरा पलीकडे सरकून बसतो. चर्चच्या जेवणाला ओर्फाचं घेवड्याचं मडकं तसंच भरलेलं परत गेलं. शौकिनांच्या तक्रारी आल्या, मर्टनने ज्याचे त्याचे पैसे परत केले, स्ट्रीमरची वाटणी झाली. एल्व्हिनच्या हयातीत विकलेले ते अस्सल, ते काचेमागे राहिले आणि त्यांचा भाव आणखी चढला. नंतरचे ते विधवेचे. त्यांतले बहुतेक सरळ पोहणारे, उत्तम होते, पण ते बघायला कोण बसलंय? त्या मूठभर गरगरणाऱ्यांनी सगळ्यांवर शिक्का मारला. लॉजवाल्यांनी दुसरी चौकट उतरवली. आणि गंमत बघा, ओर्फाच्या हाताला काही येत नाही याचा पुरावा म्हणून लोक जे अस्सल स्ट्रीमर दाखवत, तेही तिनेच बांधलेले होते. हे जगात एकट्या तिला माहीत होतं. काय करावं माणसाने अशा माहितीचं? कुणाला सांगायची सोय नव्हती. रात्री कूस बदलताना ती एल्व्हिनवर मनातल्या मनात रागवायची, पहिल्यांदाच, आणि सकाळी त्याचा कप धुऊन पुन्हा खुंटीला लावायची.

बांधणं मात्र थांबलं नाही. आता सगळे नीट बांधत होती, डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. पिवळे वेढे घालायचं सोडलं. नुसतं काळं डोकं. मार्चमध्ये पिशवी घेऊन ती स्वतःच मर्टनच्या दुकानात गेली. मर्टनने एकेक उलटून पाहिला, नाक मुरडलं, पण गिरणीतल्या लोकांना स्वस्त माल लागतोच. त्याने ते गल्ल्याशेजारी पत्र्याच्या डब्यात ओतले, शिशाच्या वजनांच्या आणि गांडुळांच्या बरणीच्या मध्ये. वर पुठ्ठा लावला, विधवेचे. गळाच्या किमतीला पिसं फुकट म्हणा ना.

एवढ्या स्वस्त वस्तूला चौकट कोण करतो? मे महिन्यात बर्फ फुटलं, स्मेल्ट काठाशी आले, आणि गिरणीतल्या माणसांनी डब्यात हात घालून मूठ मूठ उचलली. पिंकमचा स्ट्रीमर पुन्हा सर्रास पाण्यात पडू लागला तो असा. खडकात अडकला तर तोडून टाकत, हळहळत नसत. ओर्फाला यातलं काही माहीत नव्हतं. ती घरात होती आणि फाटकाकडे बघणं तिने सोडून दिलं होतं.

रेमी आला तेव्हा ती मागच्या दारी चादर वाळत घालत होती. थोडा अंग चोरून उभा राहिला तो. गेल्या सप्टेंबरपासून त्याने तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. आपण बायकोपाशी बोललो नसतो तर, हे त्याला लागून राहिलं असावं. तिने चिमटा लावला आणि वाट पाहिली.

“डब्यातला एक घेतला होता,” तो म्हणाला. “करडा.”

“मग? गरगरला?”

“नाही. सरळ गेला.” तो जवळ आला आणि नकळत हात पुढे धरून दाखवायला लागला. “असा. ओढला की शेपटी मारतो. आणि ओढ सैल केली की जरासा कुशीवर होतो, दमलेला स्मेल्ट होतो ना तसा. तेवढ्यात धरतात. सकाळपासून चार धरले. डोकं किंचित जड आहे का? खोल पाण्यात नाक खाली घालतो.”

ओर्फाने चादरीचं टोक हातात घट्ट धरलं. असेल, म्हणाली. वॉर्निशचा एक हात जास्त झाला असेल.

“शिकलात तुम्ही,” रेमी मनापासून म्हणाला. “चांगला हात बसलाय. पण खरं सांगू, बाई? राग मानू नका. एल्व्हिनची सर नाही. माझ्या बापाला त्यांनी एक दिला होता, लाल गळ्याचा. एल्व्हिनची बोट उलटली होती आणि बापाने त्यांची वल्ही पाण्यातून काढून दिली होती म्हणून. तो पाण्यात असा जिवंत व्हायचा, काय सांगू. तसला आता होणे नाही.”

लाल गळ्याचा. ओर्फाला तो आठवत होता. फ्रेंच माणसाला काहीतरी चांगलं द्यायचंय म्हणून एल्व्हिन अडून बसला होता आणि तिने दोन वेळा उसवून तिसऱ्यांदा बांधला होता. रेमी उत्तराची वाट बघत होता, आपण पुन्हा नको ते बोललो की काय, अशा चेहऱ्याने.

“नाही,” ओर्फा म्हणाली. “त्याची सर कुठून येणार.”

तिने टोपलीतले राहिलेले कपडे तसेच ठेवले आणि उलटी बादली त्याच्याकडे सरकवली.

“बस जरा. कुशीवर होतो म्हणालास. डाव्या की उजव्या?”